फटक्यांचा पसारा

टीव्हीवर गोल्फ बघताना कॅमेरा त्या दिवशी आघाडीवर असलेल्या पाच-सहा जणांच्या मागे फिरत असतो, आणि त्यांचेही बहुतेक उत्तम फटकेच आपल्यापर्यंत पोचतात. दीडशे यार्डांवरून उडालेला चेंडू होलमध्ये, म्हणजे चेंडू घालायच्या खड्ड्यात, रोवलेल्या ध्वजापासून चार फुटांवर थांबतो, टाळ्या वाजतात, आणि बघणाऱ्याच्या मनात ठसतं की चांगला खेळाडू म्हणजे बघेल तिथे चेंडू टाकणारा. प्रत्यक्षात जगातले नामांकित व्यावसायिक फेअरवेच्या, म्हणजे मैदानाच्या मधल्या कापलेल्या पट्ट्याच्या, छान गवतावरून, दीडशे-पावणेदोनशे यार्डांवरून मारतात तेव्हा त्यांचा चेंडू सरासरीने ध्वजापासून 25 ते 30 फुटांवर थांबतो. हा आकडा मनात पक्का बसला की खेळाकडे बघायची तऱ्हाच बदलते. निदान माझी बदलली.

कारण मग लक्षात येतं की कुणाकडेच एक ठरलेला फटका नसतो. प्रत्येकाकडे असतो तो फटक्यांचा पसारा. त्याच क्लबने, म्हणजे काठीने, त्याच जागेवरून, त्याच मनाने वीस चेंडू मारले तर ते मूठभर खडे भिरकावल्यासारखे पसरतात: काही डावीकडे, काही उजवीकडे, पुष्कळसे आखूड, एखाद-दुसरा भलताच लांब. व्यावसायिकाचा पसारा लहान असतो आणि माझा मोठा, एवढाच फरक. पण असतो दोघांचाही.

हे असं का होतं ते साध्या भूमितीत आहे. क्लबचा फेस, म्हणजे त्याचा पुढचा सपाट भाग, चेंडूला भिडताना एका अंशाने जरी फिरलेला असेल, तर 150 यार्डांवर चेंडू सुमारे अडीच यार्ड बाजूला जातो. ड्रायव्हरने, म्हणजे सर्वांत लांब मारणाऱ्या क्लबने, 220 यार्ड मारताना पाच अंशांची चूक झाली तर जवळपास 19 यार्ड, आणि चेंडू हवेत वळला तर ते वेगळंच. क्लब वरून खाली येऊन चेंडूवर आदळायला सेकंदाचा पाव भाग पुरतो. तेवढ्या वेळात मनगटं, खांदे, कंबर आणि पाय यांनी मिळून एखाद्या अंशापेक्षा कमी चूक करायची असते, आणि तेही प्रत्येक वेळी. माणसाच्या शरीराला हे रोज जमणार नाही, आणि त्यात कमीपणा काहीच नाही.

गोल्फ सुधारण्याबद्दल मला जे काही म्हणायचं आहे ते या पसाऱ्याभोवतीच आहे. मैदानावरचे डावपेच म्हणजे आपला पसारा कुठे पडू द्यायचा ते ठरवणं. सराव म्हणजे तो मोजणं आणि हळूहळू आवळणं. आणि मनाची तयारी म्हणजे त्यातला कुठलाही चेंडू आपल्या वाट्याला येऊ शकतो, हे फटक्याच्या आधीच मान्य करून ठेवणं.

डावपेचांपासून सुरुवात करते, कारण स्विंगला हात न लावता सर्वांत लवकर फरक तिथे पडतो. समजा, ध्वज ग्रीनच्या, म्हणजे होलभोवतीच्या बारीक कापलेल्या गवताच्या, उजव्या कडेला लावला आहे आणि त्याच्या उजवीकडे खोल बंकर, म्हणजे वाळूचा खड्डा, आहे. ध्वजावर नेम धरला, की पसाऱ्याचा जवळजवळ अर्धा भाग आपण स्वतःच बंकरात आणि त्यापलीकडच्या रफमध्ये, म्हणजे वाढलेल्या गवतात, नेऊन टाकला. नेम ग्रीनच्या मधोमध धरला तर बहुतेक चेंडू ग्रीनवर किंवा तिच्या काठाला पडतील, आणि जो थोडा उजवीकडे सुटेल तो नेमका ध्वजाजवळ जाईल. बघणारे म्हणतील, काय नेम आहे! तो नेम नव्हता, पण चेंडू तिथे पडायला जागा मात्र ठेवलेली होती.

लांबीचंही तसंच. हौशी खेळाडूंचे ग्रीनकडचे फटके बहुतांश आखूड पडतात, कारण क्लब निवडताना डोळ्यांसमोर असतो तो आयुष्यातला सर्वोत्तम फटका. माझा सात नंबरचा क्लब (नंबर जितका लहान, तितका क्लब लांब मारतो) एकदा 140 यार्ड गेला होता, म्हणून तो 140चा क्लब. खरं तर दहातले सात चेंडू 130च्या आसपासच पडत असतात. मैदान आखणाऱ्यांना हा स्वभाव पक्का ठाऊक आहे. उगीच नाही इतक्या ग्रीनच्या तोंडाशी बंकर खणलेले. माझ्याबरोबर खेळणारे एक ज्येष्ठ काका आहेत. त्यांचा ड्राइव्ह, म्हणजे होलचा पहिला लांब फटका, आता फार लांब जात नाही, पण स्कोअर आमच्यापैकी भल्याभल्यांपेक्षा कमी, म्हणजे चांगला, असतो. एकदा मी पिशवीतून क्लब काढत होते.

‘काका, सात नंबर पुरेल ना?’

‘तुझा सात नंबर आज दोनदा कमी पडलाय. वारा समोरून आहे. पाच घे आणि सावकाश मार.’

‘पाच? पलीकडे गेला तर?’

‘पलीकडे काय आहे ते बघितलंस का? सपाट गवत आहे. अलीकडे पाणी आहे.’

मी पाहिलंच नव्हतं. मी ध्वज पाहिला होता. त्या दिवसापासून ग्रीनकडे बघताना चुकलेला चेंडू कुठे परवडेल हे मी आधी शोधते आणि ध्वजाकडे नंतर बघते. समोरचा वारा जितका मारतो तितका मागचा वारा देत नाही, हेही काकांचंच शिकवणं. समोरून वारा असताना जोरात मारलं तर चेंडूला फिरकी जास्त मिळते, तो वर चढतो आणि आणखी आखूड पडतो. म्हणून जास्त लांब मारणारा क्लब आणि सावकाश स्विंग.

टीवर, म्हणजे होलचा पहिला फटका मारायच्या जागेवरही, एक सोपी गोष्ट आहे, ती फार कमी लोक करतात. धोका उजवीकडे असेल तर टीच्या उजव्या टोकाला चेंडू लावायचा आणि धोक्यापासून दूर, डावीकडे बघून मारायचं. तिथून उघडं मैदान रुंद दिसतं. नियम दोन खुणांच्या मधे आणि मागे दोन क्लबच्या अंतरापर्यंत कुठेही चेंडू लावू देतो, तर ती रुंदी का सोडायची?

लांब मारून पुढे जायचं की अलीकडे थांबायचं, यावर मात्र एकच उत्तर नाही. 2007 सालच्या मास्टर्स या मोठ्या स्पर्धेत अमेरिकेच्या झॅक जॉन्सनने पाच पारच्या, म्हणजे पाच फटक्यांत संपणं अपेक्षित असलेल्या, एकाही होलवर दुसऱ्या फटक्यात ग्रीन गाठायचा प्रयत्न केला नाही. चार दिवसांत असे 16 होल. प्रत्येक वेळी तो आपल्या आवडत्या वेजच्या, म्हणजे जवळून उंच मारायच्या क्लबच्या, अंतरावर थांबला आणि त्या 16 होलवर पारपेक्षा 11 फटके कमी घेऊन गेला. थंडी-वाऱ्याच्या त्या आठवड्यात एकूण 289, म्हणजे पारपेक्षा एक जास्त, एवढ्या स्कोअरवर त्याने स्पर्धा जिंकली. ही गोष्ट ऐकून पुष्कळ लोक सगळीकडेच अलीकडे थांबायला लागतात. ते मला पटत नाही. जॉन्सन लांब मारणारा नव्हता आणि वेजवर त्याचा विलक्षण हात होता; त्याच्या पसाऱ्याला तो निर्णय शोभत होता. आपल्यापैकी बहुतेकांचा 80 यार्डांचा अर्धा वेज 30 यार्डांच्या चिपपेक्षा, म्हणजे छोट्या फटक्यापेक्षा, कितीतरी बेभरवशाचा असतो. वाटेत पाणी किंवा झाडी नसेल तर ग्रीनच्या जितकं जवळ जाता येईल तितकं जावं.

कोलंबिया विद्यापीठातले प्राध्यापक मार्क ब्रॉडी यांनी लाखो फटक्यांच्या नोंदी अभ्यासून हेच दाखवलं. प्रत्येक फटक्याने खेळाडूला किती फायदा किंवा तोटा झाला हे मोजायची त्यांची पद्धत अमेरिकेतल्या पीजीए टूर या व्यावसायिक स्पर्धामालिकेने 2011मध्ये आधी पटिंगसाठी, म्हणजे ग्रीनवर चेंडू होलकडे लोटण्याच्या फटक्यांसाठी, स्वीकारली. त्यांच्या आकडेमोडीत निघालं की चांगल्या आणि साधारण खेळाडूंमधल्या फरकाचा सुमारे दोन तृतीयांश भाग 100 यार्डांपलीकडच्या फटक्यांत असतो. ‘ड्राइव्ह दिखाव्यासाठी, पटिंग पैशासाठी’ असं पिढ्यान्‌पिढ्या ऐकत आलेल्यांना हे पचायला जड गेलं. पण मला त्यात दिलासा वाटतो. आठ फुटांवरचा पट व्यावसायिकसुद्धा निम्म्याच वेळा होलमध्ये घालतात, वीस फुटांवरचा शंभरातून साधारण पंधरा वेळा. हे ठाऊक असलं की आठ फुटांवरून चुकल्यावर आपल्या हातांना शिव्या द्याव्याशा वाटत नाहीत.

याचा अर्थ आखूड मारणाऱ्यांनी आशा सोडावी असा नाही. टोकियो ऑलिंपिकमध्ये भारताची अदिती अशोक मैदानातल्या सगळ्यात आखूड ड्राइव्ह मारणाऱ्यांपैकी होती. इतर जणी जवळच्या अंतराचे आयर्न क्लब हातात घेत तिथे तिच्या हातात लांब मारणारा हायब्रिड क्लब असायचा. तरी चार फेऱ्यांत पारपेक्षा 15 कमी, 269 फटके, आणि पदक हुकलं ते एका फटक्याने. मी ती शेवटची फेरी पहाटे उठून पाहिली होती, आणि तिचा प्रत्येक पट होलकडे सरकताना माझा श्वास अडकत होता. तिच्याकडे लांबी नव्हती. पण आपल्याकडे काय आहे हे तिला अचूक ठाऊक होतं.

आता सराव. ड्रायव्हिंग रेंजवर चेंडूंची टोपली संपवायची आणि घाम पुसत घरी जायचं, याला आपण सराव म्हणतो. एकच क्लब, एकच निशाण, एकामागून एक पन्नास चेंडू. तिसाव्या चेंडूनंतर फटके सुरेख बसू लागतात आणि वाटतं, आता सापडलं. मैदानावर मात्र तो फटका एकदाच मारायचा असतो, मागच्या फटक्यानंतर दहा मिनिटांनी, वेगळ्या क्लबने, पाय थोडे चढावर असताना. 1979 साली शे आणि मॉर्गन या संशोधकांनी हातांच्या हालचाली शिकवणारा एक साधा प्रयोग केला होता. एकच कृती सलग घोटणारे सरावात पुढे दिसले. पण काही दिवसांनी परीक्षा घेतली तेव्हा कृती सरमिसळ करून शिकलेल्यांना जास्त आठवलं. गोल्फच्या रेंजसाठी याहून उपयोगी गोष्ट मला ठाऊक नाही.

म्हणून रेंजवर मी डोळ्यांसमोर ओळखीचं मैदान आणते. पहिल्या होलचा ड्राइव्ह. तो जिथे पडला असता तिथून उरलेल्या अंतराचा आयर्न. ग्रीन चुकली असं वाटलं तर वेजने चिप. प्रत्येक चेंडूआधी मागे येऊन उभं राहायचं, निशाण बदलायचं, क्लब बदलायचा. टोपली अर्धीही संपत नाही आणि फटके पहिल्यापेक्षा वाईट दिसतात. पण ते खरे असतात. स्विंगमध्ये काही नवं बसवायचं असेल तेव्हा सलग घोटावंच लागतं, त्याला पर्याय नाही. फक्त ते वेगळ्या वेळी.

फेसवर पावडरचा पातळ थर मारून चेंडू मारायचा, हा उपाय स्वस्त आहे आणि डोळे उघडणारा आहे. फटका बसला की थरावर चेंडूचा गोल ठसा उमटतो. दहा फटक्यांचे ठसे बघा. काही फेसच्या टाचेकडे (दांडीच्या बाजूला), काही टोकाकडे, एखादा अगदी खाली. ठसा मध्यापासून अर्धा इंच सरकला तरी लांबी घटते. ड्रायव्हरच्या टोकाकडे लागलेला चेंडू उजव्या हाताने खेळणाऱ्याला डावीकडे वळतो आणि टाचेकडे लागलेला उजवीकडे. पुष्कळ जण ज्याला स्विंगचा दोष समजतात तो नुसता चेंडूपासून उभं राहायच्या अंतराचा असतो. ठसे एका जागी यायला लागले की पसारा आपोआप आवळतो, शिकवणाऱ्याने एक शब्दही न बोलता.

दुसरी गोष्ट चेंडू उडण्याची. पूर्वी शिकवत की चेंडू स्विंगच्या दिशेने निघतो आणि फेसच्या दिशेला वळतो. रडारने मोजता यायला लागल्यावर उलटं निघालं. चेंडू निघतो तो मुख्यतः फेस बघत असेल त्या दिशेने, आणि वळतो तो फेस व स्विंगचा मार्ग यांच्यातल्या फरकामुळे. ज्यांचा चेंडू सतत उजवीकडे वळतो ते बिचारे आणखी डावीकडे बघून मारतात. त्यामुळे स्विंग आणखी आडवा येतो आणि चेंडू आणखी वळतो. वर्षानुवर्षं या फेऱ्यात अडकलेली माणसं मी पाहिली आहेत. त्यांच्यात मेहनतीची कमी नव्हती, फक्त चेंडू का वळतो तेवढं माहीत नव्हतं.

बंकरबद्दल फार बोलत नाही. क्लब चेंडूच्या इंच-दोन इंच मागे वाळूत शिरतो, चेंडूला लागतच नाही, वाळूच चेंडूला बाहेर घेऊन येते. वाळूत बोटाने एक रेघ ओढून ती रेघ उडवायचा सराव केला की भीती निम्मी जाते.

पटिंगला एकच चेंडू घ्यावा. तीन चेंडू घेतले की दुसरा आणि तिसरा पहिल्याच्या चुकीवरून शिकून जातो, आणि मैदानावर तो दुसरा चेंडू नसतो. लांबच्या पटमध्ये दिशेपेक्षा वेग चुकतो. तीन पट लागतात त्यांतले बहुतेक वेगामुळे. उताराचा अंदाजही आपण कमीच धरतो, म्हणून चेंडू होलच्या खालच्या अंगाने निसटतो. होल सव्वाचार इंचांचा आहे आणि चेंडू 1.68 इंचांचा. हळू पोचणाऱ्या चेंडूला ती सगळी रुंदी मिळते, सुसाट येणाऱ्याला फक्त मधली. लांबून खेळताना होलभोवती एक ऐसपैस गोल कल्पावा आणि त्यात चेंडू थांबवावा, एवढंच मी मनाशी धरते.

राहिलं मन. चार तासांच्या फेरीत नव्वद फटके मारले आणि प्रत्येकाला दीड सेकंद धरला तर प्रत्यक्ष स्विंग होतो सव्वादोन मिनिटं. उरलेला सगळा वेळ चालणं, थांबणं आणि विचार करणं. त्या वेळात मन काय करतं यावर पुढची सव्वादोन मिनिटं ठरतात.

1999 साली स्कॉटलंडमधल्या कार्नुस्टीला ब्रिटिश ओपनच्या शेवटच्या होलवर फ्रान्सच्या ज्याँ व्हान द व्हेल्डकडे तीन फटक्यांची आघाडी होती. सहा फटक्यांत होल संपवला तरी जिंकणार होता. त्याने ड्रायव्हर काढला, चेंडू फार उजवीकडे गेला. दुसरा फटका दोन नंबरने ग्रीनकडे. तो प्रेक्षकांच्या स्टँडच्या कठड्यावर आदळला, तिथून ओढ्याच्या दगडी भिंतीवर, आणि मागे दाट गवतात. तिसरा त्याच ओढ्याच्या, बॅरी बर्नच्या, पाण्यात. बूट-मोजे काढून ओढ्यात उतरलेला तो माणूस सगळ्या जगाने पाहिला. अखेर सात फटके, आणि बरोबरी फोडणाऱ्या प्लेऑफमध्ये पॉल लॉरी जिंकला. लोक अजून त्याच्यावर हसतात. मला हसू येत नाही. तो चेंडू स्टँडमध्येच अडकला असता तर त्याला दंडाविना नवी जागा मिळाली असती. त्याच्या पसाऱ्यातला एक चेंडू दुर्दैवी निघाला, त्याला कुणी काय करणार? त्याच्या हातात होतं ते एवढंच: गवतात पडल्यावर पुन्हा पाण्यावरून मारायचं, की बाजूला काढून ठेवायचं. आणि ते त्याने धीराने निभावलं असं म्हणता येत नसलं, तरी सातवा फटका, तो अवघड पट, त्याने होलमध्ये घातला. मला तो क्षण जास्त लक्षात राहतो.

रोरी मॅकइलरॉय 2011च्या मास्टर्समध्ये शेवटच्या दिवशी चार फटक्यांची आघाडी घेऊन उतरला आणि त्या फेरीत 80 फटके मारून बसला. दोन महिन्यांनी त्याने यूएस ओपन आठ फटक्यांनी जिंकली. मास्टर्स मात्र त्याला 2025पर्यंत मिळाली नाही, आणि मिळाली त्या दिवशीही त्याच्या कार्डावर दोन डबल बोगी, म्हणजे पारपेक्षा दोन फटके जास्त लागलेले होल, होत्या. जिंकण्याच्या दिवशीसुद्धा वाईट फटके पसाऱ्यातच असतात. अकरा मोठ्या स्पर्धा जिंकणारा वॉल्टर हेगन म्हणत असे की प्रत्येक फेरीत आपल्याकडून सात चुका होणारच हे तो धरूनच चालतो. एखादी झाली की ती त्या सातांतली एक. हा हिशेब मला फार प्रामाणिक वाटतो. व्यावसायिकाच्या सात, तर माझ्या किती हे मी आधीच ठरवून ठेवते, आणि चूक झाली की मनात एक आकडा कमी करते.

फटक्याआधीचा ठरलेला क्रमही याच कामाचा. स्वीडनची नामांकित खेळाडू अनिका सोरेनस्टॅम हिच्या एकेकाळच्या प्रशिक्षक पिया निल्सन चेंडूमागे एक काल्पनिक रेघ मानायला शिकवतात. रेघेच्या मागे विचार: अंतर, वारा, धोका, क्लब. रेघ ओलांडली की विचार बंद, फक्त मारायचं. दिग्गज खेळाडू जॅक निकलॉस चेंडूच्या पुढे दोन-चार फुटांवर निशाणाच्या रेषेत एखादं पान किंवा गवताचा डाग हेरायचा आणि क्लबचा फेस आधी त्यावर लावून मग पाय ठेवायचा. मी दोन्ही करते. पान हेरायचं, फेस लावायचा, पाय, एकदा वर बघायचं आणि मारायचं. रेघ ओलांडल्यावर मनात शंका आली तर मागे यायचं, कितीही लाज वाटली तरी. पटिंगमध्ये जोन व्हिकर्स यांच्या संशोधनात दिसलं की कुशल खेळाडूंची नजर स्ट्रोकआधी चेंडूवर दोनेक सेकंद स्थिर असते, तर नवख्यांची भिरभिरते. मी श्वास सोडते आणि चेंडूवरचा एक खळगा बघत राहते.

शेवटी हँडिकॅपबद्दल, म्हणजे खेळाडूची पातळी सांगून त्याला जादा फटके देणाऱ्या आकड्याबद्दल, कारण निराशा बहुतेक वेळा तिथूनच येते. 2020पासून जगभर लागू झालेल्या पद्धतीत शेवटच्या 20 फेऱ्यांतल्या उत्तम 8 फेऱ्यांच्या सरासरीवरून हँडिकॅप निघतो. म्हणजे तो आकडा आपल्या चांगल्या दिवसांचा आहे, रोजचा नाही. बहुतेक फेऱ्या त्याच्यापेक्षा काही फटक्यांनी वाईटच जाणार, ते गणितातच आहे. हे माहीत नसलेले लोक दर चौथ्या रविवारी नवा ड्रायव्हर किंवा नवा गुरू शोधतात. ज्याचा हँडिकॅप 18 आहे त्याला बहुतेक मैदानांवर साधारण प्रत्येक होलला एक जादा फटका मिळतो. लांबलचक चार पारचा होल त्याच्यासाठी पाचचाच आहे. तीन आरामाच्या फटक्यांत ग्रीनवर जावं आणि दोन पट घ्यावेत.

वाईट फेरी संपली की कार्डाच्या मागे मी दोनच आकडे लिहिते: दंडाचे फटके किती गेले, आणि तीन पट किती होलवर लागले. दोनांतला मोठा आकडा ज्याचा, त्याच्यापासून पुढचा सराव सुरू.